बायॉप्सीच्या काचेवर दिसतं ते खरं किती?

पाच_मायक्रॉन (धागाकर्ती)

परळच्या एका रुग्णालयात हिस्टोपॅथॉलॉजी विभागात, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासतात तिथे, मी तंत्रज्ञ आहे. परवा इथल्याच दुसऱ्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "नखाएवढा तुकडा बघायला चार दिवस लागतात म्हणजे हे लोक करतात तरी काय?" तिथे उत्तर द्यायला बसले आणि ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

तर काय करतो ते सांगते. शरीरातून काढलेला तुकडा त्या क्षणापासून स्वतःलाच पचवायला लागतो. पेशींमधली एन्झाइम्स पेशींनाच खातात. ते थांबवायला तुकडा लगेच १० टक्के फॉर्मालिनमध्ये जायला हवा. फॉर्मालिन प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकतं आणि पेशी आहे तिथे, आहे तशी थिजते. पण ते आत शिरतं सावकाश, तासाला साधारण १ मिलिमीटर, आणि खोलवर जाताना आणखी हळू. शिवाय तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मालिन लागतं. आमच्याकडे कधी कधी अख्खं गर्भाशय अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबून येतं, आणि वर फॉर्मालिन बोटभर. बाहेरून पक्कं, मधोमध कापलं की लिबलिबीत. कुठून येतं ते विचारू नका.

मग रात्रभर प्रोसेसिंग. अल्कोहोलच्या चढत्या बरण्या, ७० टक्क्यांपासून ऍब्सोल्यूटपर्यंत, म्हणजे टिश्यूतलं पाणी निघतं. मग झायलिन, म्हणजे अल्कोहोल निघतं. मग ६० अंशांच्या आसपास वितळलेलं पॅराफिन मेण. पाण्याच्या जागी मेण बसवायचं एवढाच सगळा खटाटोप, पण मेण आणि पाणी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, म्हणून मध्ये हे दोन दलाल. जुलैत मुंबईत घोळ होतो तो इथेच. ऍब्सोल्यूट अल्कोहोल हवेतला ओलावा ओढून घेतं, मग ते ऍब्सोल्यूट राहतच नाही, टिश्यूत पाणी उरतं आणि पुढच्या बरणीतलं झायलिन दुधाळ होतं. दुधाळ झायलिन दिसलं की सगळ्यांची तोंडं उतरतात. बरण्या बदला, तुकडे मागे न्या, रिपोर्ट एक दिवस पुढे. काउंटरवर भांडणाऱ्या माणसाला हे कोण समजावणार?

सकाळी मेणाचा ब्लॉक बर्फावर गार करून मायक्रोटोमवर चढवायचा. चाक फिरवलं की पात्यावरून ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप एकमेकांना चिकटून लांबच लांब रिबीन बाहेर येते. १ मिलिमीटरात असे २०० ते ३३० काप बसतील. ती रिबीन ब्रशच्या टोकाने उचलून कोमट पाण्यावर सोडायची. पाण्याला टेकली की तिच्या सुरकुत्या जातात, मेण फार पसरायच्या आत खालून काच घालून उचलायची. पंख्याची एक झुळूक आली की रिबीन गेली. म्हणून आमच्या खोलीत मे महिन्यातही पंखा बंद.

शेवटी रंग. पेशी मुळात जवळजवळ बिनरंगी असतात. मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडापासून निघणारं हिमॅटॉक्सिलिन आम्ही आजही वापरतो. ते केंद्रकाला धरतं, पण आधी तांबूस जांभळं दिसतं. निळं व्हायला काच वाहत्या नळाच्या पाण्यात धरायची. डिस्टिल्ड पाण्याने ते काम होत नाही, नळाचं पाणी किंचित अल्कलाइन असतं म्हणून त्याने होतं. मग इओसिन, म्हणजे बाकी सगळं गुलाबी.

आता ज्यासाठी धागा काढला ते. एवढं सगळं सोसून जी काच डॉक्टरांपुढे जाते तिच्यात चरबीच्या पेशी रिकाम्या दिसतात, नुसत्या कडा. चरबी झायलिनमध्ये विरघळून केव्हाच गेलेली असते. तुकडा आकसलेला असतो. दोन थरांमध्ये फट दिसली तर ती शरीरात होती की आम्ही पाडली, हे ओळखायला अनुभव लागतो. नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते, आधी आपण काय काय धुऊन काढलं ते आठवा, मग काय उरलं ते बघा.

मग असा मेलेला, वाळवलेला, रंगवलेला तुकडा बघून जिवंत पेशी काय करते हे लोकांना कळलं कसं? फिजिऑलॉजीवाले कुणी असतील तर लिहा.

गिरगाव_चौपाटी

माहितीपूर्ण. एक शंका. वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी सर्जनने मध्येच बाहेर येऊन अर्ध्या तासाच्या आत सांगितलं होतं की गाठ साधी आहे. तेव्हा ही मेणाची भानगड कुठे गेली?

पाच_मायक्रॉन

ते फ्रोझन सेक्शन. क्रायोस्टॅटमध्ये उणे २० अंशांच्या आसपास तुकडा कडक करतात, म्हणजे मेणाचं काम त्याच्यातलं बर्फच करतं. पण बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात, चित्र ओबडधोबड येतं. गाठ कसली आहे आणि कापलेली कड गाठीपासून मोकळी आहे का, एवढं सांगण्यापुरतं पुरतं. पक्का रिपोर्ट नंतर मेणातूनच. चरबी बघायची असेल तर मात्र फ्रोझनच बरं, कारण तिला वाटेत झायलिन भेटत नाही.

जुना_मास्तर

वैद्यकीय महाविद्यालयात फिजिऑलॉजी शिकवून निवृत्त झालो. ताईंनी नळाच्या पाण्याचा विषय काढलाच आहे, तर हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

१८८२ च्या सुमारास लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या पाण्यावर चालवत होते. रक्त नाही, मेंदू नाही, नुसतं हृदय आणि मिठाचं पाणी, तरी ठोके छान पडत होते. त्यांनी तसं छापूनही टाकलं. पुढे पुन्हा द्रावण केलं तर हृदय थोड्या वेळात थंड पडायला लागलं. शोध घेतला तेव्हा कळलं, प्रयोगशाळेतल्या मदतनिसाने आधीचं द्रावण डिस्टिल्ड पाण्यात न करता नळाच्या पाण्यात केलं होतं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं. १८८३ मध्ये रिंगरनी दुरुस्ती छापली. स्नायू आकुंचन पावायला कॅल्शियम लागतं हे जगाला असं कळलं. आज रुग्णालयात 'आरएल चढवा' म्हणतात, म्हणजे रिंगर लॅक्टेटचं सलाईन, त्यातला आर तो रिंगर.

हे काचेवर कधीच दिसलं नसतं. कॅल्शियमवाचून थांबलेलं हृदय आणि धडधडतं हृदय, दोन्ही फॉर्मालिनमध्ये टाका आणि ताईंकडे पाठवा. ताईसुद्धा सांगू शकणार नाहीत कुठलं कुठलं.

आमच्या वेळी हे प्रयोग प्रत्येक विद्यार्थी करायचा. ड्रमवर गुळगुळीत कागद गुंडाळायचा, धुराच्या ज्योतीवर फिरवून त्याच्यावर काजळी धरायची. बेडकाच्या हृदयाच्या टोकाला बारीक आकडी, तिला दोरा, दोऱ्याला तरफ, आणि तरफेचं टोक फिरत्या काजळीवर टेकलेलं. ठोका पडला की काळ्यावर पांढरी रेघ वर-खाली. मग ऍसिटिलकोलीनचा एक थेंब सोडला की रेघ बुटकी होत होत सपाट. रिंगरच्या द्रावणाने धुतलं की हळूहळू पुन्हा उठायची. शेवटी कागद लाखेच्या व्हार्निशमध्ये बुडवून वाळत टाकायचा. त्या दिवशी सगळ्यांचे ऍप्रन काळे आणि घरी बोलणी.

तो थेंबसुद्धा आकाशातून पडला नाही. १९२१ मध्ये ऑटो लोवीनी दोन बेडकांची हृदयं घेतली. पहिल्याची व्हेगस नस (मेंदूकडून हृदयाकडे येणारी) चेतवली, ते मंदावलं. त्याच्या भोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर घातलं, ज्याच्या नसेला कुणी हातही लावला नव्हता, तर तेही मंदावलं. म्हणजे नसेतून हृदयाला जो निरोप जातो तो रसायनाचा. ते रसायन म्हणजेच ऍसिटिलकोलीन. १९३६ चं नोबेल त्यांना आणि हेन्री डेल यांना मिळून मिळालं.

चिंचपोकळी_फास्ट

मास्तर, जबरदस्त! आम्ही एमएस्सीला हेच स्क्रीनवर केलं. बटण दाबलं की ऍसिटिलकोलीन पडतं, बटण दाबलं की हृदय मंदावतं. ग्राफ दर वेळी सेम. आणि जर्नलमध्ये सगळ्यांचे पूर्ण मार्क.

जुना_मास्तर

दर वेळी सेम हीच तर गोम आहे. खऱ्या बेडकाचा ग्राफ कधी सेम आला नाही. एक उन्हाळ्यातला, एक पावसाळ्यातला, एक कालपासून उपाशी. का वेगळा आला हे शोधताना शिकणं व्हायचं.

निंबोणी

इतका वेळ गप्प होते. मास्तरांचा अनुभव मोठा आहे, पण वर्गातल्या प्रत्येकाने तेच उत्तर पुन्हा काढायला प्रत्येकी एक बेडूक मारायचा, ह्याला संशोधन म्हणत नाहीत. पाय निर्यात करायला आणि कॉलेजांना पुरवायला शेतातून बेडूक पोत्यांनी भरून जायचे. बेडकाच्या पायांची निर्यात १९८७ मध्ये बंद झाली ती काय उगाच? २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणीशास्त्राच्या वर्गातली चिरफाड थांबवायला सांगितली तेही बरंच झालं. लोवीला दोन हृदयं लागली. आपल्याला दर वर्षी हजारो कशाला?

जुना_मास्तर

निंबोणीताई, बीएस्सीच्या प्रत्येक मुलाने कापायलाच हवं असं मी म्हणणार नाही. पण उद्या ज्याला उंदराच्या हृदयावर औषध तपासायचं आहे, त्याने जिवंत टिश्यू हातात कसा धरायचा हे पहिल्यांदा कुठे शिकायचं? स्क्रीनवर शिकून आलेला पोरगा चार प्राणी फुकट घालवतो, कारण द्रावण गार आहे हे त्याच्या लक्षातच येत नाही.

निंबोणी

मग तेवढ्यांनाच शिकवा, परवानगी घेऊन, नैतिक समितीपुढे कागद ठेवून. माझा आक्षेप जर्नलच्या मार्कांसाठी मारण्याला आहे. त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत.

अर्धवटराव

मला वेगळीच शंका आहे. ताई म्हणतात आम्ही इतकं काय काय करतो. मग पेशीत जे भाग दाखवतात ते खरंच असतात की रंगाचे डाग? शाळेत मायटोकॉन्ड्रिया, गॉल्जी बॉडी वगैरे काढून मार्क मिळवलेत, म्हणून काळजी.

कबुतरखाना

अर्धवटराव, गॉल्जीचं नाव घेतलंत ते बरोब्बर घेतलंत. नेमकं तेच प्रकरण डाग की खरं म्हणून पन्नास वर्षं रेंगाळलं होतं.

कामिल्लो गॉल्जी इटलीतले. १८७३ मध्ये त्यांनी मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवायची रीत काढली. गंमत अशी की तिने शंभरातल्या एखाद-दोन पेशीच काळ्या होतात, बाकीच्या कोऱ्या राहतात. का, याचं समाधानकारक उत्तर अजून नाही. पण त्यामुळेच एक पेशी तिच्या सगळ्या फांद्यांसकट मोकळी दिसली. सगळ्या काळ्या झाल्या असत्या तर नुसती शाई. स्पेनच्या काहालनी तीच रीत वापरून म्हटलं, मेंदूच्या पेशी सुट्या सुट्या आहेत. गॉल्जींचं म्हणणं, छे, सगळं मिळून एकच अखंड जाळं. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं आणि गॉल्जींनी नोबेलच्या भाषणातही आपलंच घोडं पुढे दामटलं. एक रंग, एक मायक्रोस्कोप, आणि दोन हुशार माणसांना दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या.

१८९८ मध्ये गॉल्जींनी पेशीच्या आत एक जाळीदार भाग पाहिला, तीच तुमची गॉल्जी बॉडी. पुष्कळांनी ठणकावून सांगितलं की हा चांदीचा डाग आहे, पेशीत असलं काही नसतं. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली चपट्या पिशव्यांची चळत स्पष्ट दिसली तेव्हा वाद मिटला. त्याच यंत्राने दोन चेतापेशींमधली फटही दाखवली, म्हणजे तिथे काहाल खरे. गॉल्जी एकीकडे जिंकले, एकीकडे हरले, आणि दोन्ही निकाल लागले तेव्हा ते हयात नव्हते. तर अर्धवटराव, तुमचे मार्क शाबूत.

एकाच पद्धतीने दिसलेल्या गोष्टीवर पैज लावू नये, असं माझं मत. दुसऱ्या, पूर्ण वेगळ्या रीतीने तीच गोष्ट दिसली तर मग बोलू.

ससून_डॉक

मी कोळी, शिक्षण बीएस्सी झूलॉजी, धंदा मासळीचा. बेडकावर एवढं बोलताय तर आमच्या माकुळाला (स्क्विडला) का विसरलात?

नसेतून वीज कशी धावते हे माकुळावर कळलं. माणसाच्या नसेतला जाडात जाड तंतू २० मायक्रॉनच्या आसपास. त्याच्यात तार घालणार कशी? मोठ्या जातींच्या माकुळाच्या कोटात, म्हणजे अंगाभोवतीच्या मांसल पिशवीत, मात्र १ मिलिमीटरपर्यंत जाड तंतू असतो. कारण माकुळाला पळायचं असतं. कोट सगळीकडून एकदम आवळून पाणी मागे फेकलं तरच तो सुटतो, आणि निरोप लवकर पोचवायला त्याच्याकडे तंतू जाड करण्याशिवाय उपाय नाही. आपल्या तंतूंवर मायेलिनचं वेष्टन असतं, त्याच्या नाही. जे. झेड. यंग यांनी १९३६ मध्ये हा तंतू लोकांच्या नजरेला आणला. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९३९ मध्ये इंग्लंडात प्लिमथला बसून त्याच्या आत लांबीच्या दिशेने बारीक इलेक्ट्रोड सरकवला. तोवर समज असा की निरोप जाताना आतला ऋण विद्युतदाब शून्यावर येतो. प्रत्यक्षात तो शून्य ओलांडून धन झाला. तेवढ्यात महायुद्ध लागलं आणि पुढचं काम वर्षानुवर्षं अडकलं. १९५२ मध्ये त्यांनी सोडियम आधी आत, पोटॅशियम मग बाहेर, हे गणितासकट मांडलं. ती गणितं हक्सलींनी हाताने फिरवायच्या यंत्रावर केली. नोबेल १९६३ मध्ये.

घरी बघायचं असेल तर सकाळी ताजा माकूळ घ्या, डोळे चकचकीत असलेला. कोळणीला सांगा, साफ करू नको. कोट पोटाकडून उभा चिरा, आतली घाण आणि कल्ले अलगद बाजूला करा. कोटाच्या आतल्या अंगाला, डोक्याकडच्या काठाजवळ, दोन्ही बाजूंना एकेक फिकट गाठ दिसेल आणि तिच्यातून चांदणीसारख्या नसा फुटलेल्या. जाड तंतू त्यातच. आपल्याकडचा माकूळ लहान, त्यामुळे हातभिंग घ्या. बघून झालं की तिखट-मिठात टाका, वाया जायचं नाही. निंबोणीताईंचं माहीत नाही, पण माझं समाधान होतं.

निंबोणी

ससून_डॉक, मी शाकाहारी आहे, पण जो तसाही ताटात जाणार आहे त्याच्यात डोकावायला माझी हरकत नाही. :)

खारघरकर

जिवंत पेशी बघायचा तिसरा रस्ता राहिला, टिश्यू कल्चर. प्राणी बाजूला, पेशी बशीत. १९०७ मध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातला चेतातुकडा लसिकेच्या (लिम्फच्या) लोंबत्या थेंबात ठेवला आणि त्यातून तंतू वाढताना डोळ्यांनी पाहिला.

आपल्याकडे ह्याची सुरुवात ताईंच्या परळमध्येच झाली. कमल रणदिवे, जन्म पुण्याचा, १९१७ चा. डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली परळला संशोधन केलं, मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हे तेच गाय, ज्यांच्याकडे १९५१ मध्ये हीला पेशी, म्हणजे माणसाच्या कर्करोगाच्या बशीत अखंड वाढत राहणाऱ्या पेशी, पहिल्यांदा वाढल्या. परत येऊन १९६० च्या दशकात भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. १९८२ मध्ये पद्मभूषण. ती संस्था आता आमच्या खारघरला आहे. परळची जुनी माणसं अजून "सीआरआय" (कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट) म्हणतात.

पण बशीतही ताईंचा प्रश्न सुटत नाही. बशीच्या तळाला चिकटलेली पेशी पसरून चपटी होते, शेजारी कोण ते बदलतं, खाणं बदलतं. यकृताच्या पेशी बशीत टाका, थोड्याच दिवसांत यकृताची निम्मी कामं विसरतात. काच मेलेली म्हणून खोटी आणि बशी जिवंत म्हणून खरी, असं नाही.

कुलाबा_शेवटचा_स्टॉप

आणि माश्या! टीआयएफआरला (कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) ओबेद सिद्दीकींनी १९६२ मध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे १९७० च्या दशकात त्यांनी आणि सीमोर बेंझर यांनी फळमाशीचे असे वाण अभ्यासले जे गरम जागी नेले की लुळे पडतात आणि गार केले की उठून चालायला लागतात. काचेवर दोन्ही माश्या सारख्याच दिसतील. बिघाड होता तो नसांमधून निरोप जाण्यात, आणि तो इलेक्ट्रोड लावूनच सापडला. प्राणी न चिरता नुसतं तापमान बदलून नस बंद-चालू करायची, मला तर ही युक्ती रिंगरच्या पाण्याइतकीच भारी वाटते.

चिंचपोकळी_फास्ट

+१. आणि माश्यांसाठी नैतिक समितीच्या फॉर्मची चळत भरावी लागत नाही, हे वरचं व्याज.

बोरिवली_स्लो

सगळा धागा वाचला, निम्मा कळला. माझं काम वेगळं आहे. आईच्या मांडीच्या हाडाचा तुकडा काढलाय. आठवडा झाला, रिपोर्ट नाही. विचारलं तर "डीकॅलला आहे" म्हणतात, पुढे कुणी बोलत नाही. दुसरीकडे दाखवायचं तर म्हणतात ब्लॉक घेऊन जा. ब्लॉक म्हणजे काय, तो लोकलने न्यायला चालतो का?

पाच_मायक्रॉन

डीकॅल म्हणजे हाडातलं कॅल्शियम काढणं. हाड कडक, पात्याने कापलं जात नाही, पातंच खराब होतं. म्हणून तुकडा आधी आम्लात किंवा ईडीटीएमध्ये (कॅल्शियम ओढून घेणारं रसायन) ठेवून मऊ करावा लागतो. आम्लाने लवकर होतं पण जास्त वेळ राहिलं तर केंद्रकं रंग धरत नाहीत, ईडीटीए पेशी सांभाळतं पण दिवसच्या दिवस घेतं. त्यामुळे हाडाला आठवडा लागला म्हणजे काही वाईट निघालंय असा अर्थ अजिबात काढू नका. त्यावर इम्युनोचे, म्हणजे ठरावीक प्रथिनं शोधणारे, वेगळे रंग सांगितले असतील तर आणखी दोन-तीन दिवस धरा. "कुठल्या टप्प्यावर आहे आणि इम्युनो सांगितलंय का" असं विचारा, म्हणजे नेमकं उत्तर मिळेल.

ब्लॉक म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या चौकटीतलं मेण, आत आईचा तुकडा. रिपोर्ट झाल्यावर लेखी अर्ज देऊन ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागा, आणि रिपोर्टवरचा नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी तिथेच उभं राहून जुळवा. पावती घ्या. लोकलने खुशाल न्या, स्टेशनवरच्या एक्स-रे मशीनमधून गेला तरी काही होत नाही. फक्त उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. फ्रीजमध्ये ठेवायची गरज नाही. आणि फॉर्मालिनच्या बरणीत तुकडा उरला असेल तर तोही टाकू नका म्हणून सांगून ठेवा, दुसऱ्या डॉक्टरांना नवा काप घ्यावासा वाटू शकतो.

बोरिवली_स्लो

आभारी आहे ताई. उद्याच विचारतो.